नामदार गोखले यांची कायदेमंडळातील कारकीर्द : मार्च १९१२ मधील दोन पराभवांचे पुनर्वाचन

महाराष्ट्राने आपल्या थोर पुरुषांना दिलेल्या उपाध्या अर्थपूर्ण आहेत. जोतीराव फुले ‘महात्मा’ झाले, बाळ गंगाधर टिळक ‘लोकमान्य’ झाले. गोपाळ कृष्ण गोखले मात्र ‘नामदार’च राहिले. पहिल्या दोन उपाध्या लोकांनी दिल्या. तिसरी कायदे कौन्सिलच्या सभासदत्वाबरोबर आपोआप येणारी, म्हणजे एका अर्थी सरकारी दप्तरातून आलेली. गोखल्यांविषयीच्या मराठी मनातील दुराव्याचे एक कारण या शब्दातच दडलेले असावे. तथापि हीच उपाधी त्यांच्या जीवनकार्याचे सर्वांत नेमके वर्णन करते, हेही तितकेच खरे. १८९९ च्या अखेरीस मुंबई इलाख्याच्या कायदे कौन्सिलात प्रवेश केल्यापासून १९ फेब्रुवारी १९१५ रोजी वयाच्या अवघ्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी निधन होईपर्यंत, सुमारे पंधरा वर्षे, ते प्रथम प्रांतिक आणि नंतर वरिष्ठ कायदे कौन्सिलाचे सभासद होते. अध्यापन, पत्रकारिता, काँग्रेसचे अध्यक्षपद, भारत सेवक समाजाची स्थापना ही त्यांची इतर कार्ये महत्त्वाची असली, तरी त्यांचा खरा पिंड कायदेमंडळाच्या सभासदाचा होता.

या कारकिर्दीचे मूल्यमापन आजवर बहुधा दोन पद्धतींनी झाले आहे. जहाल परंपरेतील टीकाकारांनी ‘कौन्सिलात भाषणे करून काय मिळाले?’ असा प्रश्न विचारला आणि उत्तर शून्य असल्याचे गृहीत धरले. उलटपक्षी, स्टॅनले वोलपर्ट यांचा टिळक-गोखले यांच्यावरील ग्रंथ (१९६२), बी. आर. नंदा यांचे चरित्र (१९७७) आणि मराठीत गोविंद तळवलकर यांचे ‘नेक नामदार गोखले’ या लेखनाने गोखल्यांची योग्यता पुन्हा प्रस्थापित केली. ते आवश्यकच होते. परंतु चरित्रकारांची सहानुभूती आणि टीकाकारांची उपेक्षा या दोहोंमध्ये एक समान गृहीतक आढळते. गोखल्यांचा सामना परकीय सरकारशी होता आणि त्यांचे यश वा अपयश म्हणजे त्या सरकारने त्यांना काय दिले किंवा नाकारले याचा हिशेब, असे दोघेही मानतात. मार्च १९१२ मध्ये अवघ्या पंधरवड्याच्या अंतराने गोखले वरिष्ठ कौन्सिलात दोनदा पराभूत झाले. चरित्रांतून हे दोन्ही पराभव सरकारी बहुमताच्या खाती एकत्र जमा केले जातात. ते एकाच जातीचे पराभव नव्हते, असे मतांचे आकडेच सांगतात. आणि त्यांतील फरक लक्षात घेतला तर गोखल्यांच्या संपूर्ण कारकिर्दीकडे वेगळ्या दृष्टीने पाहावे लागते.

अधिकाराविना सभासदत्व

गोखले ज्या सभागृहांत बसले त्यांचे स्वरूप प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. १८९२ च्या कौन्सिल कायद्याने सभासदांना अंदाजपत्रकावर बोलण्याची व प्रश्न विचारण्याची मुभा दिली होती. मतदानाचा हक्क अंदाजपत्रकापुरता नव्हता. उपप्रश्न विचारता येत नसत. वर्षातून एकदा, ठरलेल्या दिवशी, एकेका सभासदाने उठून आपले भाषण करावे, सरकारने उत्तर द्यावे आणि अंदाजपत्रक जसेच्या तसे अमलात यावे, असा तो रिवाज होता. वरिष्ठ कौन्सिलातील मुंबईच्या जागेसाठी मतदार कोण, तर मुंबई कौन्सिलातील मूठभर बिनसरकारी सभासद. आजच्या अर्थाने गोखल्यांना मतदारसंघच नव्हता. ज्यांच्या मिठावरील कराविषयी ते तळमळीने बोलले, त्या शेतकऱ्याला त्यांना निवडून देण्याचा वा पाडण्याचा काडीचाही अधिकार नव्हता. त्यांचे प्रतिनिधित्व हे स्वतःहून पत्करलेले प्रतिनिधित्व होते.

मुंबई कौन्सिलातील कालखंड लहान असला तरी तो उपेक्षणीय नाही. १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळाच्या पार्श्वभूमीवर त्यांनी दुष्काळ निवारणाच्या कारभाराची चिकित्सा केली. १९०१ मधील जमीन महसूल दुरुस्ती विधेयकाच्या वेळी तर फिरोजशहा मेहता यांच्यासह काही बिनसरकारी सभासदांनी सभात्याग केला, त्यात गोखलेही होते. महसूल थकल्यामुळे सरकारजमा झालेली जमीन पुन्हा देताना ती विकण्याचा वा गहाण टाकण्याचा हक्क शेतकऱ्याला राहू नये, अशी त्या विधेयकाची दिशा होती. सावकारापासून शेतकऱ्याचे रक्षण हा सरकारचा युक्तिवाद होता. शेतकऱ्याची पत आणि मालकी यांवरच हा घाला आहे, हा विरोधकांचा. ‘मवाळ’ गोखल्यांच्या प्रतिमेत सभात्याग बसत नाही, म्हणून कदाचित त्याची फारशी आठवण काढली जात नाही. पुढच्या कारकिर्दीत मात्र त्यांनी सभागृह सोडण्यापेक्षा सभागृहात बसून सरकारला अडचणीत आणणे हाच मार्ग पत्करला.

आकड्यांचे राजकारण

२६ मार्च १९०२ रोजी वरिष्ठ कौन्सिलात गोखल्यांनी अंदाजपत्रकावर पहिले भाषण केले. त्या वर्षी अंदाजपत्रकात मोठी शिल्लक होती आणि सभागृहाचा एकंदर सूर अभिनंदनाचा होता. गोखल्यांनी अभिनंदनास नकार दिला. त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा असा : ही शिल्लक देशाच्या समृद्धीचे लक्षण नाही. रुपयाचा भाव एक शिलिंग चार पेन्सवर स्थिर झाल्यामुळे इंग्लंडमध्ये पाठवाव्या लागणाऱ्या रकमांचा भार हलका झाला. परंतु रुपया घसरत असताना त्या भारापोटी वाढविलेले कर मात्र तसेच चालू राहिले. म्हणून दुष्काळ आणि प्लेग यांनी प्रजा पिचलेली असतानाही खजिना भरला. सरकारची सुस्थिती आणि रयतेची दुःस्थिती एकाच वेळी असू शकतात, इतकेच नव्हे तर पहिली दुसरीतून निर्माण होऊ शकते, हे त्यांनी सरकारच्याच आकडेवारीवरून दाखविले.

या पद्धतीच्या मागे एक नाव आहे, त्याचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाणे अन्यायाचे होईल. गणेश व्यंकटेश जोशी हे सोलापूरच्या सरकारी हायस्कुलाचे मुख्याध्यापक. सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकातील त्यांचे अर्थविषयक लेख हा तत्कालीन हिंदी अर्थचिंतनाचा एक भक्कम आधार होता. न्यायमूर्ती रानडे यांनी गोखल्यांना घडविले हे सर्वश्रुत आहे. परंतु जानेवारी १९०१ मध्ये रानडे निवर्तल्यानंतर कोष्टके, गोषवारे आणि तुलना यांच्या तयारीत जोशी यांचे साहाय्य गोखल्यांना लाभत राहिले. कलकत्त्याच्या सभागृहात अर्थखात्याच्या सभासदाला ज्या आकड्यांना उत्तर द्यावे लागत होते, ते जुळविण्यात सोलापुरातील एका शाळामास्तराचा हात होता. स्वतः गोखले यांनीही न्यू इंग्लिश स्कूल व फर्ग्युसन महाविद्यालयात जवळजवळ अठरा वर्षे शिकविले होते. अंकगणितावरील त्यांचे पाठ्यपुस्तक प्रसिद्ध आहे. १९०२ मध्ये त्यांनी महाविद्यालयातून निवृत्ती घेतली, तथापि वर्गातील सवय सुटली नाही. विद्यार्थ्याला चुकलेले उदाहरण पायरी-पायरीने सोडवून दाखवावे, तशी त्यांची अंदाजपत्रकावरील भाषणे आहेत.

आकड्यांवरील या निष्ठेचे आणखी एक, काहीसे क्लेशदायक, कारण संभवते. १८९७ मध्ये वेल्बी कमिशनपुढील साक्षीसाठी ते इंग्लंडमध्ये असताना पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे त्यांनी प्लेगच्या बंदोबस्तावरील सैनिकांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याचा आरोप तेथील वृत्तपत्रातून केला होता. परतल्यावर पुरावा देण्यास कोणी पुढे येईना. गोखल्यांना बिनशर्त माफी मागावी लागली. पुण्यात त्यांची छी-थू झाली. या प्रसंगाने त्यांचे मन किती दुखावले याचे वर्णन चरित्रकारांनी केले आहे. त्याचा त्यांच्या वादपद्धतीवर झालेला परिणाम मात्र पुरेसा तपासला गेलेला नाही. त्यानंतरच्या काळात ते प्रतिपक्षाच्या कागदातूनच प्रतिपक्षाला धरतात. सरकारी अहवाल, सरकारी कोष्टके, सरकारी अधिकाऱ्यांची पूर्वीची मते, यांपलीकडे जाऊन स्वतंत्र साक्षीवर भिस्त ठेवण्याचे ते टाळतात. यामुळे त्यांचा युक्तिवाद अभेद्य झाला. त्याच वेळी जे सरकारी कागदात उतरलेच नव्हते, त्या लोकजीवनाचा आवाज त्यांच्या भाषणांत क्षीण झाला, असेही म्हणावे लागते.

फलित काय? मिठावरील कर १८८८ पासून मणामागे अडीच रुपये होता. १९०३ मध्ये तो दोन रुपये, १९०५ मध्ये दीड रुपया आणि १९०७ मध्ये एक रुपया झाला. प्राप्तिकराची सूटमर्यादा १९०३ मध्ये पाचशे रुपयांवरून हजार रुपयांवर गेली. या सवलती केवळ गोखल्यांच्या भाषणांमुळे मिळाल्या असा दावा करणे भाबडेपणाचे ठरेल. भरलेला खजिना आणि साम्राज्याच्या प्रतिष्ठेची गणिते यांचाही त्यात वाटा होता. परंतु कर वाढल्यावर मिठाचा खप कसा आखडतो आणि गरिबाच्या ताटातील मीठ कसे कमी होते हे सभागृहाच्या कामकाजात नोंदविले गेले, आणि सरकारला त्याचे उत्तर देणे भाग पडले. लष्करी खर्च, परदेशी अधिकाऱ्यांचे पगार, शिक्षण व आरोग्य यांवरील अपुरी तरतूद हे विषय त्यांनी बहुतेक दरवर्षी त्याच चिकाटीने मांडले. ज्या अंदाजपत्रकावर मत देता येत नव्हते, त्याचे जाहीर लेखापरीक्षण त्यांनी सुरू केले. संसदीय परंपरेच्या इतिहासात याचे मोल मोठे आहे.

तरीसुद्धा या पद्धतीच्या मुळाशी असलेली श्रद्धा तपासली पाहिजे. युक्तिवादाने सरकार निरुत्तर झाले की ते लज्जित होईल, आणि लज्जित झाले की बदलेल, ही ती श्रद्धा. कर्झनने गोखल्यांच्या योग्यतेचे कौतुक केले, १९०४ मध्ये त्यांना सी. आय. ई. हा किताबही मिळाला. परंतु त्याच वर्षी विद्यापीठ विधेयक आणि सरकारी गुपितांविषयीचे विधेयक त्यांच्या कडव्या विरोधाला न जुमानता संमत झाले, आणि पुढच्याच वर्षी बंगालची फाळणी झाली. कौतुक आणि परिणाम यांचा संबंध नव्हता.

मोर्ले-मिंटो सुधारणा आणि एक डाग

१९०५ ते १९०८ या काळात गोखले वारंवार इंग्लंडला गेले, भारतमंत्री मोर्ले यांना भेटले आणि सुधारणांच्या वाटाघाटींत त्यांनी आपली सारी शक्ती खर्च केली. १९०९ च्या कायद्याने कौन्सिलांचा विस्तार झाला. सभासदांना ठराव मांडता येऊ लागले, त्यावर मते घेतली जाऊ लागली, आपल्या प्रश्नावर उपप्रश्न विचारता येऊ लागला. प्रांतांत बिनसरकारी बहुमत आले. वरिष्ठ कौन्सिलात मात्र सरकारी बहुमत कायम राहिले. स्वतंत्र मतदारसंघांच्या प्रश्नाची चर्चा पुष्कळ झाली आहे, ती येथे पुन्हा करण्याचे कारण नाही. त्या मानाने दुर्लक्षित राहिलेली बाब अशी की, याच योजनेने जमीनदारवर्गाला वरिष्ठ कौन्सिलात स्वतःच्या राखीव जागा दिल्या. गोखल्यांनी या सुधारणांचे मनःपूर्वक स्वागत केले होते. त्या जागांवर बसणाऱ्यांची मते पुढे कोणत्या बाजूला पडणार आहेत, याची कल्पना त्या वेळी कोणाला असणार?

नव्या कौन्सिलाच्या पहिल्याच अधिवेशनात, फेब्रुवारी १९१० मध्ये, वृत्तपत्रांवर जामिनाचे जोखड लादणारे प्रेस विधेयक आले. मदनमोहन मालवीय यांच्यासारख्या सभासदांनी त्याला विरोध केला. गोखल्यांनी केला नाही. देशातील राजकीय हत्यांच्या वातावरणात असा कायदा अपरिहार्य असल्याची भूमिका त्यांनी घेतली. काही दुरुस्त्या सुचविल्या, त्या फेटाळल्या गेल्या, आणि कायदा झाला. गोखल्यांचे समर्थक या प्रसंगाची कारणमीमांसा परिस्थितीच्या आधारे करतात. ती काही प्रमाणात समजण्याजोगी असली तरी पटण्याजोगी नाही. १९०७ मध्ये राजद्रोही सभांच्या विधेयकाला ज्यांनी निर्भीड विरोध केला होता, आगरकरांच्या ‘सुधारका’त ज्यांनी इंग्रजी स्तंभ लिहिले होते, त्यांनी मुद्रणस्वातंत्र्याच्या प्रश्नावर नवीन सभागृहाची जपणूक अधिक महत्त्वाची मानली. कष्टाने मिळालेली संस्था टिकावी म्हणून तिचे प्रयोजनच गहाण टाकण्याचा हा प्रकार होता.

त्याच महिन्यात, २५ फेब्रुवारी १९१० रोजी, त्यांनी नाताळ वसाहतीकडे होणारी करारबद्ध हिंदी मजुरांची रवानगी थांबविण्याचा ठराव मांडला. सरकारने तो स्वीकारला आणि जुलै १९११ पासून ही रवानगी बंद झाली. ठराव मांडून सरकारी धोरण बदलविण्याचे हे ठळक उदाहरण होय.

मार्च १९१२

४ मार्च १९१२ रोजी गोखल्यांनी याच प्रश्नावर पुढचे पाऊल टाकले. गिरमिट पद्धतीच ती कोणत्याही वसाहतीसाठी असो, समूळ रद्द करावी, असा ठराव त्यांनी आणला. करारातील अटी निरक्षर माणसाला कळत नाहीत, दिवाणी स्वरूपाच्या कराराचा भंग फौजदारी गुन्हा मानला जातो, स्त्रियांच्या वाट्याला नरकयातना येतात, आणि या साऱ्यामुळे हिंदी माणसाची जगभर ‘कुली’ म्हणून नाचक्की होते, असे त्यांचे प्रतिपादन होते. ठराव ३३ विरुद्ध २२ मतांनी फेटाळला गेला. विरोधातील मते सरकारपक्षाची होती. हिंदी बिनसरकारी सभासद एकदिलाने गोखल्यांच्या पाठीशी उभे राहिले. हा पराभव केवळ रचनेचा होता. चार वर्षांनी, मार्च १९१६ मध्ये, मालवीयांनी तोच विषय पुन्हा मांडला तेव्हा व्हाइसरॉय हार्डिंग यांनी तत्त्वतः मान्यता दिली आणि १९१७ मध्ये मजूरभरती थांबली. तोवर गोखले हयात नव्हते.

१८ आणि १९ मार्च रोजी प्राथमिक शिक्षण विधेयकाची चर्चा झाली. हे विधेयक गोखल्यांच्या कायदेमंडळीय कार्याचा कळस. मार्च १९१० मध्ये त्यांनी प्रथम या विषयावर ठराव मांडला आणि सरकारच्या आश्वासनावरून तो मागे घेतला. १६ मार्च १९११ रोजी विधेयक दाखल केले. वर्षभर ते प्रांतिक सरकारे, नगरपालिका व लोकसंस्था यांच्याकडे अभिप्रायार्थ फिरले. विधेयक अतिशय सावध होते. सक्ती देशभर नव्हे, तर ज्या क्षेत्रात शाळेत जाणाऱ्या मुलांचे प्रमाण आधीच ठरावीक मर्यादेपर्यंत पोहोचले आहे, तेथेच. ती मर्यादा एकतृतीयांश असावी, असे त्यांनी सुचविले होते. तीही स्थानिक संस्थेने मागितली तर, आणि सरकारने पूर्वमंजुरी दिली तर. प्रथम ६ ते १० वयाच्या मुलग्यांना ती लागू व्हावी, मुलींना यथावकाश. दरमहा दहा रुपयांपेक्षा कमी प्राप्ती असलेल्या पालकांकडून फी घेऊ नये. खर्चाचा दोनतृतीयांश भार सरकारने उचलावा. बडोदा संस्थानात सयाजीराव महाराजांनी १९०६ पासून सर्व राज्यात मोफत व सक्तीचे शिक्षण सुरू केले होते. तो दाखला गोखल्यांच्या हाती होताच.

इतक्या कुंपणांत बांधलेल्या विधेयकाची मागणी तरी काय होती? ते चिकित्सा समितीकडे सोपवावे, एवढीच. ती ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळली गेली.

या दोन मतदानांतील आकडे शेजारी ठेवले म्हणजे प्रश्न उभा राहतो. पंधरा दिवसांपूर्वी जे बावीस होते, ते तेरा का झाले? सरकारी मते सरकारी बाजूला जाणारच होती. शिक्षणखात्याचे सभासद हार्कोर्ट बटलर यांनी सक्तीपेक्षा अनुदानांच्या वाढीचा मार्ग श्रेयस्कर असल्याचे सांगून विधेयकास विरोध केला आणि प्रांतिक सरकारांचे प्रतिकूल अभिप्राय त्यांच्या दिमतीला होते. मालवीय, बॅरिस्टर जीना आदी सभासदांनी गोखल्यांना साथ दिली. परंतु हिंदी सभासदांपैकी काहींनी, ज्यांत पंजाबातील बडे जमीनदार मलिक उमर हयात खान यांचा समावेश होता, उघड विरोध केला. शिकलेला कुणबी नांगर धरणार नाही, शिकलेला गडी घरकाम करणार नाही, मजुरी महागेल, अशी भीती त्या काळच्या जमीनदारवर्गात वावरत होतीच. गिरमिटाच्या प्रश्नात हिंदी सभासदांचा स्वाभिमान पणाला लागला होता आणि त्याची किंमत वसाहतींतील मळेवाल्यांना मोजावी लागणार होती. शिक्षणाच्या प्रश्नात किंमत घरची होती. राष्ट्रीय अपमानाच्या प्रश्नावर एकवटणारा वर्ग स्वतःच्या शेतावरील मजुराच्या मुलाचा प्रश्न आला की दुभंगतो, हे त्या दिवशी कलकत्त्याच्या सभागृहात मतमोजणीने सिद्ध झाले.

गोखल्यांना याची जाणीव नव्हती असे नाही. १९०३ मध्ये धारवाडच्या सामाजिक परिषदेत अस्पृश्यतेविषयी त्यांनी केलेले भाषण स्वकीयांना उद्देशून होते आणि ते बोचरे होते. परंतु कौन्सिलातील त्यांचे सारे शस्त्रागार सरकारविरुद्ध उपसण्यासाठी घडविलेले. सरकारला त्याच्याच अहवालांतील आकडे दाखवून कोंडीत पकडता येत असे. शेजारच्या बाकावरील हिंदी सरदाराला कोणता अहवाल दाखवावयाचा? ज्याचा फायदाच अज्ञानात आहे, त्याला अज्ञानाचे आकडे पटवून उपयोग नसतो. गोखल्यांच्या मागे तो मजूर मतदार म्हणून उभा असता तर गोष्ट निराळी झाली असती. तो सभागृहाच्या बाहेर होता, चर्चेच्या इंग्रजी भाषेच्या बाहेर होता, आणि विधेयकातही ‘दंडास पात्र पालक’ म्हणूनच कायद्याच्या कक्षेत येत होता. जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर कमिशनपुढे किमान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली होती. त्या निवेदनात उच्चवर्णीयांच्या शिक्षणावर रयतेचा पैसा कसा खर्च होतो याचा रोकडा हिशेब होता. फुल्यांच्या मागणीमागे वर्गविरोधाचे भान होते, गोखल्यांच्या विधेयकामागे राष्ट्रबांधणीचे. तीस वर्षांच्या अंतराने मागणी तीच आली, पण तिच्यातील तो दाह नाहीसा झाला होता. तो असता तर तेरा मतेही पडली नसती, असा युक्तिवाद करता येईल. कदाचित तो बरोबरही असेल.

आपले विधेयक फेटाळले जाणार हे गोखल्यांना ठाऊक होते, आणि त्यांनी ते समारोपाच्या भाषणात शांतपणे सांगितलेही. आपल्या पिढीच्या वाट्याला अपयशातून सेवा करण्याचेच भाग्य आले आहे, अशा आशयाचे त्यांचे उद्गार पुढे वारंवार उद्धृत झाले. त्या उद्गारांतील उदात्तता निर्विवाद आहे. मात्र त्यांच्या वारंवार उद्धरणाचा एक दुष्परिणामही झाला. पराभव इतका भव्य वाटू लागला की तो कोणी केला याची चौकशी मागे पडली.

विधेयकानंतर

१९१२ नंतर गोखल्यांचा कौन्सिलातील वावर कमी झाला. त्या वर्षअखेरीचा दक्षिण आफ्रिकेचा दौरा, लोकसेवा आयोगावरील म्हणजे इस्लिंग्टन कमिशनवरील काम आणि मधुमेहाने पोखरलेले शरीर यांत उरलेली वर्षे संपली. १९१४ मध्ये त्यांनी ‘सर’ ही पदवी नाकारली. कौन्सिलामुळे मिळालेले ‘नामदार’ हे बिरुद पुरेसे वाटले असावे.

विधेयकाचे पुढे काय झाले हे पाहण्याजोगे आहे. विठ्ठलभाई पटेल यांनी मुंबई कौन्सिलात याच धर्तीचे विधेयक आणले आणि ते १९१८ मध्ये संमत झाले. बिनसरकारी बहुमताच्या प्रांतिक सभागृहात, म्हणजे गोखल्यांनी मोर्ले यांच्याकडून पदरात पाडून घेतलेल्या सुधारणेच्या आधारेच, ते शक्य झाले. परंतु तो कायदा मुंबई शहराबाहेरील नगरपालिकांपुरता होता. नगरपालिकांना सक्ती करण्याची मुभा मिळाली. खेडी आणि त्यांतील लोकल बोर्डे कक्षेबाहेर राहिली, ती १९२३ च्या कायद्यापर्यंत. १९०२ च्या भाषणात ज्याच्या मिठाचा हिशेब गोखल्यांनी मांडला होता, तो खेड्यातील शेतकरी शाळेच्या कायद्यात सर्वांत शेवटी आला.

दरम्यान कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये मोफत व सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा निर्णय घेऊन तो अमलात आणण्यास प्रारंभ केला होता. बडोद्याप्रमाणे तेथेही मतदानाची गरज पडली नाही; राजाज्ञा पुरेशी होती. सभागृह जेथे नव्हते तेथे शाळा आधी आली, आणि जेथे सभागृह होते तेथे ती सभागृहातील सभासदांच्या हितसंबंधांत अडकली. स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेने चौदा वर्षांपर्यंतच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा समावेश प्रथम मार्गदर्शक तत्त्वांत केला. २००२ च्या शहाऐंशीव्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वयोगटासाठी तो मूलभूत हक्क झाला, आणि त्यासाठीचा कायदा २००९ मध्ये संमत होऊन १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्या वेळच्या लेखांतून व भाषणांतून गोखल्यांच्या विधेयकाची आठवण आवर्जून काढण्यात आली. ते फेटाळणाऱ्या अडतीस मतांचा उल्लेख झाला तेव्हा ती सर्व परकीय सरकारचीच मते असल्याचे बहुधा गृहीत धरले गेले.